रंग गेला, पण विष गेले का?
बुरशी आणि कारखान्यांचे सांडपाणी



पाऊस स्थिरावला की रोयणीवर अळमी उगवतात आणि पानांच्या पुड्यांतून बाजारात येतात, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. भाव ऐकून घरची माणसे हात आखडता घेतात, तरी मोसमात एकदा तरी अळम्यांची भाजी होतेच. पण आपण जे खातो ते त्या बुरशीचे फळ असते. झाड म्हणावे ते खाली वारुळात असते, बारीक पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपात. वाळवी चावून आणलेला पालापाचोळा आणि लाकूड हे तंतू कुजवतात, आणि मगच ते अन्न वाळवीच्या उपयोगी पडते. म्हणजे लाकूड पचवण्याचे अवघड काम वाळवीने बुरशीवर सोपवले आहे.

ही लाकूड कुजवण्याची विद्या वापरून कारखान्यांचे विषारी सांडपाणी स्वच्छ करता येईल का, या प्रश्नावर गेली चाळीस वर्षे जगभर काम चालू आहे. त्यातले काही महत्त्वाचे काम आपल्या दोनापावलला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले आहे. वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर मात्र या विषयाची बातमी बहुधा एकाच साच्यात येते : 'विष खाणारी बुरशी सापडली, प्रदूषणाचा प्रश्न सुटला.' तसे काही झालेले नाही. जे झाले आहे ते त्याहून अधिक मनोरंजक आहे आणि नीट समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम लाकडाकडे वळू. कुळागरात पडून राहिलेला आंब्याचा किंवा फणसाचा जुना ओंडका कधी निरखून पाहा. कुजलेले लाकूड दोन तऱ्हांचे दिसते. एका तऱ्हेत ते तपकिरी होते, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि हाताने दाबले की चौकोनी तुकडे होऊन भुगा होतो. दुसऱ्या तऱ्हेत ते पांढरट, हलके आणि तंतुमय होते, ओढले तर काथ्यासारखे सुटते. पहिलीला तपकिरी कूज आणि दुसरीला पांढरी कूज म्हणतात. आपल्या विषयाची नायिका ही पांढरी कूज घडवणारी बुरशी आहे.

दोन्हींतला फरक कळण्यासाठी घराच्या स्लॅबची कल्पना करा. आत लोखंडी सळ्या असतात, भोवती सिमेंट असते. लाकडात सळ्यांच्या जागी सेल्युलोजचे धागे आणि सिमेंटच्या जागी लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तपकिरी कूज घडवणाऱ्या बुरश्या मुख्यतः सळ्या काढून नेतात आणि सिमेंट बरेचसे तसेच मागे ठेवतात, म्हणून उरलेला भाग तपकिरी दिसतो. पांढरी कूज घडवणाऱ्या बुरश्या सिमेंटही फोडतात. निसर्गात हे काम पुरते करू शकणारे जीव फार थोडे आहेत.

लिग्निन फोडणे इतके कठीण का? भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, हे आपण अनुभवाने जाणतो. लाळेतले विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखळी तोडते. ती साखळी गजऱ्यासारखी असते, सगळ्या गाठी एकाच प्रकारच्या. एक गाठ सोडवायची रीत कळली की सगळा गजरा सुटतो. लिग्निन मात्र वर्षानुवर्षे वापरलेल्या, फाटेल तिथे सांधलेल्या रापणीच्या जाळ्यासारखे असते. गाठी अनेक प्रकारच्या, आणि कुठे कोणती येईल याला नियम नाही. त्यामुळे कुलपाला किल्ली बसावी तसे एकाच गाठीला बसणारे विकर इथे पुरत नाही.

बुरशीने यावर निराळीच युक्ती काढली आहे. तिच्या तंतूंतून अशी विकरे बाहेर पाझरतात की ती समोरच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतात. इलेक्ट्रॉन गेलेला रेणू अस्थिर होतो आणि जिथे दुबळा असेल तिथे आपोआप तुटतो. गाठ कोणत्या प्रकारची आहे याची चौकशीच नाही! शिवाय लिग्निनचा रेणू इतका मोठा असतो की तो तंतूच्या आत घेणे शक्य नसते, म्हणून हे सारे काम बुरशीच्या शरीराबाहेर चालते. आपण जेवण पोटात पचवतो, बुरशी ते ताटातच पचवते आणि मग शोषून घेते.

या विकरांपैकी लॅकेज हे सर्वांत जुने ठाऊक असलेले. जपानमध्ये लाकडी भांड्यांना चकचकीत लाखेसारखा लेप देतात, तो एका झाडाच्या चिकापासून बनतो. हा चीक हवेत घट्ट का होतो याचा शोध घेताना हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाला १८८३ साली या विकराचा पत्ता लागला. लॅकेजच्या एका रेणूत तांब्याचे चार अणू असतात आणि ते हवेतल्या ऑक्सिजनवर काम चालवते. याउलट लिग्निन पेरॉक्सिडेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज या दोन विकरांत लोह असते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते त्याच ढंगाने बसवलेले, आणि त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. तेही बुरशी स्वतःच तयार करते.

लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध १८८३ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ साली लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळा आहे. तिथे केंट कर्क आणि मिंग टिएन हे फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या बुरशीवर काम करत होते. त्याच वर्षी ऑरेगॉनमधल्या मायकेल गोल्ड यांच्या गटालाही ते स्वतंत्रपणे सापडले. या सर्वांचा मूळ हेतू प्रदूषणाचा नव्हता. लाकूड कसे कुजते हे त्यांना समजून घ्यायचे होते.

पण विकर बेपर्वा आहे, समोर काय आहे याची चौकशी करत नाही, हे लक्षात आल्यावर पुढचा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते. लिग्निन हे सहा कार्बनांच्या कड्यांनी, म्हणजे बेंझीनसारख्या वलयांनी बनलेले असते. डीडीटी, कापडाचे रंग, डांबर आणि धुरातले घातक पदार्थ, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी रसायने, या सगळ्यांतही अशीच वलये असतात. मग लिग्निन फोडणारे विकर यांना का सोडेल? १९८५ साली बम्पस, टिएन, राइट आणि ऑस्ट या चौघांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचे उत्तर छापले. त्यांच्या बुरशीने डीडीटी, लिंडेन, बेंझोपायरीन, पीसीबी आणि डायॉक्सिन या सर्वांवर काम केले होते.

त्यांनी हे सिद्ध कसे केले, ते आठवी-नववीच्या मुलांनी जरूर समजून घ्यावे, कारण या लेखातला बाकीचा सारा वाद त्यावर उभा आहे. बाटलीतले डीडीटी कमी झाले एवढे दाखवणे पुरेसे नव्हते. ते काचेला चिकटले असेल, बुरशीच्या तंतूंत जाऊन बसले असेल किंवा त्याचे दुसरे एखादे विष झाले असेल. म्हणून त्यांनी किरणोत्सारी कार्बन असलेले डीडीटी वापरले. हा कार्बन कुठेही गेला तरी उपकरणाला ओळखू येतो. काही दिवसांनी बाटलीतून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूत तोच खुणेचा कार्बन सापडला. डीडीटीच्या रेणूचा कार्बन निघून वायू झाला, म्हणजे तो रेणू खरोखर मोडला! वायू झालेला भाग थोडाच होता. पण तेवढ्यावरून वाट आहे हे कळले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बुरशी विष 'खात' नाही. तिचे जेवण म्हणजे लाकडातली, पेंढ्यातली साखर. विष तिच्या विकरांच्या तडाख्यात सापडते म्हणून मोडते. नांगरताना गवतही उपटले जाते, पण शेतकरी गवतावर जगत नाही, तसेच हे. म्हणून दूषित मातीत किंवा पाण्यात बुरशी सोडली आणि आपण घरी गेलो, असे चालत नाही. तिला भुसा, पेंढा, उसाची चिपाडे असे काहीतरी पुरवावे लागते, हवा मिळू द्यावी लागते, ओल राखावी लागते.

आता दोनापावलला येऊ.

वरची सारी मंडळी जंगलातल्या, म्हणजे गोड्या पाण्यावर जगणाऱ्या बुरश्यांवर काम करत होती. कारखान्यांचे सांडपाणी मात्र गोडे नसते. सुती कापडावर रंग चढवताना तो पाण्यातून धाग्यावर जावा म्हणून भरपूर मीठ घालावे लागते, आणि ते सारे मीठ रंगाबरोबर गटारात येते. वर सोड्यासारखे अल्कली पदार्थ. अशा पाण्यात जंगलातली बुरशी मान टाकते. तेव्हा खाऱ्या पाण्यातच वाढलेली बुरशी शोधली तर? डॉ. चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हा विचार धरला. समुद्रकाठी पडलेले लाकूड, खारफुटीची मुळे, सागरी गवताची पाने हीसुद्धा कुजतातच. ती कुजवणारे कुणीतरी तिथे असणारच.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका प्रवाळी खाडीत सागरी गवताच्या कुजलेल्या पानांवर त्यांना फ्लेव्होडॉन फ्लेव्हस ही बुरशी मिळाली. १९९९ साली त्यांनी, अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर, तिची माहिती प्रसिद्ध केली. वर सांगितलेली तिन्ही विकरे ती तयार करते, आणि खुणेच्या कार्बनची परीक्षाही तिने दिली : २४ दिवसांत जवळजवळ २४ टक्के लिग्निनचा तिने थेट कार्बन डायऑक्साइड केला. पुढे खारफुटीच्या कुजक्या लाकडावर त्यांना आणखी एक बुरशी मिळाली. ती सेरेना युनिकलर जातीची ठरली. कापड गिरणी, कागद गिरणी आणि मद्यार्क कारखाना या तिन्हींच्या रंगीत सांडपाण्यावर ती काम करू शकली, आणि अशा सांडपाण्यात तिने लॅकेज उलट अधिक तयार केले. चोडणच्या फेरीतून जाताना दोन्ही काठांना जी खारफुटी दिसते, तिच्या बुडाशी चिखलात पडलेल्या काटक्यांना आपण कचरा म्हणतो. शास्त्रज्ञाची नजर तिथेच थांबते.

मद्यार्क कारखान्याच्या पाण्याबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तो प्रश्न महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात आपल्या नातेवाइकांच्या दाराशी आहे. उसाच्या रसापासून साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. मळी आंबवून त्यातून मद्यार्क उडवून घेतला की मागे काळपट तपकिरी, गरम, उग्र वासाचे पाणी उरते. एक लिटर मद्यार्कामागे असे दहा-पंधरा लिटर पाणी! घरगुती सांडपाण्यातली घाण कुजवायला लिटरमागे साधारण दोन-तीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. या पाण्याला चाळीस-पन्नास हजार लागतो. ते नदीत गेले की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे तडफडून वर येतात. 'मळीमिश्रित पाण्याने मासे मेले' ही बातमी आपण पुष्कळदा वाचलेली असते.

त्या पाण्याचा तपकिरी रंग कशाचा? भाकरीवर पडणाऱ्या डागांचा, बिबिंकाच्या थरांवर येणाऱ्या खरपूस रंगाचा जो, तोच. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ तयार होतात. बिबिंकात ते हवेहवेसे असतात. नदीत ते सूर्यप्रकाश अडवतात आणि पाणवनस्पतींची उपासमार करतात. जिवाणू वापरून या पाण्यापासून गॅस काढता येतो, त्याने घाणही बरीच कमी होते, पण तपकिरी रंग जिवाणूंना दाद देत नाही. फ्लेव्होडॉनने मात्र आठ दिवसांत तो ८० टक्के कमी केला, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसते. पाणी निम्म्या समुद्राइतके खारट केले तरी तिचे काम बंद पडले नाही.

इथपर्यंत वाचून कुणी टाळी वाजवील. पण लेखाच्या मथळ्यातला प्रश्न इथेच सुरू होतो.

रंग हा डोळ्यांना दिसतो, विष दिसत नाही. रंग जाणे म्हणजे विष जाणे नव्हे, आणि कधी कधी तर रंग जातो तेव्हाच विष जन्माला येते. काँगो रेड नावाचा लाल रंग प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटल्यांवर शिक्षकांनी पाहिला असेल. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा पूल असतो. ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही जिवाणू हा पूल तोडतात. पाण्याचा लाल रंग उडतो, पाहणाऱ्याला वाटते झाले काम. पण तुटलेल्या रेणूतून बेंझिडीन बाहेर पडते, आणि बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो हे पक्के ठाऊक आहे. पांढरी कूज घडवणाऱ्या बुरश्या ऑक्सिजनच्या साहाय्याने निराळ्या वाटेने रेणू मोडतात, हा त्यांचा मोठा गुण. तरी सगळ्याच बुरश्या भरवशाच्या नाहीत. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग मत्स्यपालनात माशांच्या रोगांवर वापरत असत, पुढे पुष्कळ देशांनी त्यावर बंदी घातली. कनिंगहॅमेला नावाची बुरशी त्याचा हिरवा रंग घालवते, पण त्यातला काही भाग त्याच्याच रंगहीन रूपात बदलून. हे रूपही विषारी असते आणि माशाच्या मांसात फार काळ टिकून राहते.

तिसरी फसवणूक अगदी साधी आहे. बुरशीचे तंतू टिपकागदासारखे असतात, रंग शोषून घेतात. पाणी निवळते आणि बुरशी रंगीत होते. विष एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेले, एवढेच. रंगलेली बुरशी कुठे टाकायची हा प्रश्न शिल्लक राहतो.

म्हणूनच दोनापावलच्या गटाचे २००४ साली प्रसिद्ध झालेले काम मला त्या ८० टक्क्यांपेक्षा मोलाचे वाटते. त्यांनी बुरशी स्पंजच्या लहान चौकोनी तुकड्यांवर वाढवली, म्हणजे तीच बुरशी पुन्हा पुन्हा वापरता यावी. मळीच्या पाण्याचा रंग गेल्यावर ते थांबले नाहीत. प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे पाणी खाडीत राहणाऱ्या तिलापिया माशांवर तपासून त्यांच्या यकृताच्या पेशींना इजा होते का, हे त्यांनी पाहिले. आधीच्या पाण्याने इजा होत होती. प्रक्रियेनंतर पाण्याचा विषारीपणा गेला. त्या पाण्यात बेंझोपायरीन हा धुरात आणि काजळीत असणारा, कर्करोग घडवणारा पदार्थ होता आणि बुरशीने तोही कमी केला, हेही त्यांनी मोजून दाखवले. प्रश्न माशाला विचारला आणि उत्तर माशाकडून घेतले, असे हे काम.

मग आज सगळ्या मद्यार्क कारखान्यांत फ्लेव्होडॉन का नाही? कारण चंबूतले काम आणि दिवसाला लाखो लिटर पाण्यावरचे काम यांत मोठे अंतर आहे. त्यासाठी बुरशीला साखर पुरवावी लागते, पाणी बरेचसे पातळ करावे लागते, आठ दिवस साठवायला तेवढे मोठे हौद लागतात, आणि दरम्यान जिवाणू हौद बळकावतात. आज बहुतेक कारखाने हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा साखर कारखान्यातल्या गाळाबरोबर कुजवून त्याचे खत करतात. यात बुरशीचा पराभव झाला असे मी म्हणणार नाही. पण 'प्रश्न सुटला' असेही म्हणता येत नाही.

दूषित मातीच्या बाबतीत अनुभव थोडा बरा आहे. विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉश या गावी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वापरलेल्या पेंटाक्लोरोफेनॉल या विषाने जमीन दूषित झाली होती. (२०१५ साली स्टॉकहोम कराराने हे रसायन जगभर बंद करावयाच्या यादीत घातले.) लमार आणि डिट्रिच या दोघांनी तिथे उघड्या जमिनीवर फॅनेरोकीटच्या दोन जातींचा प्रयोग केला आणि १९९० साली निष्कर्ष छापले. साडेसहा आठवड्यांत विष ८८ ते ९१ टक्के कमी झाले. त्यांचा प्रामाणिकपणा असा की पुढचा आकडाही त्यांनी लपवला नाही : कमी झालेल्या विषापैकी सुमारे दहा टक्के नष्ट झालेले नव्हते, बुरशीने त्याचे दुसऱ्या एका क्लोरीनयुक्त पदार्थात रूपांतर केले होते. जाहिरात लिहिणाऱ्याने पहिला आकडा दिला असता. दुसरा आकडा देतो तो शास्त्रज्ञ.

काही गोष्टी बुरशीच्या आवाक्याबाहेरच आहेत. शिसे, पारा, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती मोडून दुसरे काही होत नाही. बुरशी ती फार तर गोळा करते, आणि म्हणूनच कारखान्यालगतच्या किंवा हमरस्त्याच्या कडेच्या अळम्या खाऊ नयेत. आपल्या खाणींतून पावसात वाहून शेतात बसणारा लाल गाळ हाही बुरशीचा विषय नव्हे. तो मोडायचे कार्बनी विष नाही, माती आहे, आणि ती वर अडवणे हाच उपाय.

प्लास्टिक खाणाऱ्या बुरशीची बातमीही मुले हटकून विचारतात. २०११ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना इक्वेडोरच्या जंगलात पॉलियुरेथेन मोडणारी बुरशी मिळाली हे खरे आहे. पण त्यांनी वापरले ते द्रवात मिसळलेले, दुधासारखे पातळ पॉलियुरेथेन. कचऱ्यातली पिशवी, बाटली किंवा गादी नव्हे. पिशवी आपल्यालाच उचलावी लागेल.

विज्ञान प्रदर्शनासाठी या विषयावर प्रयोग करायचा असेल तर कारखान्याचे सांडपाणी किंवा कापडाचा रंग घरी आणू नका. त्याची गरजही नाही. धिंगरी अळम्या पिकवणाऱ्या कुणाकडून पीक काढून झालेला पेंढा मिळतो. धिंगरी ही पांढरी कूज घडवणारी बुरशी आहे आणि त्या पेंढ्यात तिचे तंतू जिवंत असतात. मिठाईत घालतात तो रंग चिमूटभर पाण्यात विरघळवा. चार सारख्या भरण्या घ्या. पहिलीत जिवंत पेंढा आणि रंगाचे पाणी. दुसरीत कुकरमध्ये पाऊण तास शिजवून बुरशी मारलेला पेंढा आणि तेच पाणी. तिसरीत जिवंत पेंढा आणि साधे पाणी. चौथीत नुसते रंगाचे पाणी. पाणी पेंढा जेमतेम बुडेल इतकेच घाला, तोंडाला पातळ कापड बांधा आणि भरण्या उन्हापासून दूर ठेवा. रोज एकाच वेळी, पांढऱ्या कागदापुढे ठेवून चारही पाण्यांचा रंग पाहा. शाळेत कलरीमीटर असेल तर त्याने मोजा. पहिल्या आणि दुसऱ्या भरणीत फरक पडला नाही तर रंग पेंढ्याने नुसता शोषला असे समजा, आणि तसे लिहा. प्रयोग फसला असे समजू नका.

मग खरी परीक्षा. आपल्याकडे तिलापिया नाहीत, पण मूग आहेत. दहाव्या दिवशी प्रत्येक भरणीतले पाणी गाळून घ्या. पाच बशांत ओला कागद पसरून पन्नास-पन्नास मूग ठेवा. चार बशांना चार भरण्यांचे पाणी आणि पाचवीला नळाचे. तिसऱ्या भरणीची बशी विसरू नका. कुजक्या पेंढ्याच्या पाण्यानेच मूग दबले तर दोष रंगावर जायला नको. हे काम शिक्षकांच्या किंवा पालकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून करावे. ज्यांना दमा आहे त्यांनी पेंढा हाताळू नये, आणि प्रयोगातले मूग कुणी खाऊ नयेत. तीन दिवसांनी किती मुगांना मोड आले ते मोजा. दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजावे.